मामाची पाटी

मोटरसायकल शर्यतवाल्यांना भीती वाटते का, असं विचारू नये. ते हसतात, आणि ते हसणं बघवत नाही. हिला तर त्या सकाळी विचारायचीही गरज नव्हती. लेदर सूटची चेन ओढताना हात असे थरथरत होते की चेन पोटापाशीच अडकून बसली. शेवटी मामा पुढे झाला आणि त्याने ती गळ्यापर्यंत ओढून दिली.

"आवळतोय," ती म्हणाली.

"सूट तोच आहे. वर्षभर पलंगावर बसून आयतं खाल्लंस, ते कुठेतरी दिसणारच की."

"आयतं? खुबा मोडला होता माझा."

"खुबा मोडला होता. तोंड नव्हतं मोडलं."

ती हसली. 

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ आणि तिचा मेकॅनिक. ती शर्यतीत उतरली तेव्हापासून तिच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता. गेल्या मोसमात ती पडली, तेव्हा सगळ्यांच्या आधी भिंत ओलांडून तिच्याकडे धावलेला माणूसही तोच. ॲम्ब्युलन्सवाल्यांना त्याला ओढून बाजूला करावं लागलं, असं लोक सांगत. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त वळण.

तो ट्रॅक तसा साधा. गॅरेजांच्या समोरून एक लांबलचक सरळ पट्टा, पट्ट्याच्या शेवटाला थोडा उंचवटा, आणि उंचवटा उतरला की लगेच उजवीकडे वळण. त्या वळणाला सगळे न्हावी म्हणत, कारण तिथे भलाभला माणूस बघता बघता भादरून निघे. उंचवट्यावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात फडफडतं, आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबायचा असतो. गेल्या वर्षी तिने तो जरासा, अगदी जरासा उशिरा दाबला. पुढचं चाक सरकलं, ती घसरत गेली, आणि गाडी कोलांट्या घेत तिच्या अंगावर आली. आता तिच्या खुब्यात धातूची पट्टी होती आणि थंडीत ती आधी गार पडायची.

मोसम सुरू व्हायच्या आधी ट्रॅक संघांना सरावासाठी देतात. त्याला टेस्टिंग म्हणतात. नाव गाडीच्या टेस्टिंगचं, पण तपासतात माणसाला. तिच्या संघाची मालकीण तोंडावर बोलणारी बाई होती. तिने आधीच सांगून टाकलं होतं, "जागा एक आहे. एक चाळीसच्या आत आलीस तर तुझी, नाही तर रॉकेटची. मला तुझ्याबद्दल माया आहे, पण मायेवर संघ चालत नाही." एक चाळीस म्हणजे एका फेरीला एक मिनिट चाळीस सेकंद. आणि रॉकेट म्हणजे नवा रायडर, हाडं सगळी जागच्या जागी असलेला, आणि स्वभावाने इतका गोड की त्याचा धड रागही करता येत नसे. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे करायचा.

एवढी भीती वाटते तर सोडून द्यावं ना, असं घरी बसलेल्यांना वाटतं. तिने सोडून पाहिलं होतं. वर्षभर सगळ्यांनी तिला तेच सुचवलं, आडून आडून, गोड बोलून, आणि तिने मान डोलावली. मग एक दिवस खिडकीखालून कुणाची तरी जुनी गाडी धडधडत गेली आणि ती पलंगावर बसल्या बसल्या रडली. तिला दुसरं काही जमलं नसतं असं नाही. दुसरं काही नकोच होतं. तेव्हा ही जागा गेली की सगळंच गेलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

ती ट्रॅकवर उतरली. पहिल्या एक-दोन फेऱ्या टायर गरम करण्यात गेल्या आणि तोवर बरं होतं. मग पट्टा आला. तिने गाडी मोकळी सोडली, छाती टाकीवर टेकवली, आणि लांबवर उंचवटा दिसला मात्र, तिच्या उजव्या हाताने तिला न विचारताच ॲक्सिलरेटर सोडून दिला. "अगं धर ना!" ती स्वतःच्याच हातावर हेल्मेटमध्ये ओरडली. हात ऐकेना. दुसऱ्या फेरीलाही तेच. दोन गाड्या तिला ओलांडून गेल्या, जशी काही ती बाजाराला निघाली होती. न्हाव्याच्या वळणावर ती इतक्या जपून वळली की कडेला उभ्या असलेल्या झेंडेवाल्याने बहुतेक जांभई दिली असावी. खुब्यातली पट्टी जागी आहे की सरकली, याच्याकडे तिचं अर्धं लक्ष होतं.

आता पाटीबद्दल सांगायला हवं. गॅरेजांसमोर पट्ट्याच्या कडेने कमरेएवढी भिंत असते. प्रत्येक संघाचा एक माणूस तिथे उभा राहून आपल्या रायडरला पाटी दाखवतो. काळी, लांबट, खाचांत आकडे सरकवायची. समोरून गाडी जाते तेव्हा आधीची फेरी किती वेळात झाली, ते त्या पाटीवर असतं. हल्ली तो आकडा गाडीवरच्या पडद्यावरही येतो, पण हिच्या गाडीवर मामाने तो पहिल्यापासून बंद ठेवला होता. "पडदा बघत बसलीस तर रस्ता कोण बघणार, मी?" हे त्याचं म्हणणं तिलाही पटलेलं. तेव्हा आकडा यायचा तो मामाच्या हातून, आणि मामाच्या हातून आलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पाटीवर एक बेचाळीस होते. पुढच्या फेरीला एक एक्केचाळीस.

तिला खरंच वाटेना. एवढं घाबरून, एवढा हात आखडून एक्केचाळीस? म्हणजे शरीर विसरलं नव्हतं तर. म्हणजे घाबरत घाबरतसुद्धा जमतं, आणखी एक-दीड सेकंदाचा तर प्रश्न.  ती आत आली तेव्हा मामाने पाण्याची बाटली पुढे केली आणि गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, "बरं चाललंय. घाई करू नकोस." दुपारपर्यंत ती आणखी दोनदा बाहेर जाऊन आली आणि दोन्ही वेळा पाटीने तिला असंच गोंजारलं.

जेवणाच्या सुट्टीत ती गॅरेजात एकटीच बसली होती. संघात एक गृहस्थ होता, गाडीतून येणारी सगळी माहिती लॅपटॉपवर बघत बसणारा. त्याला सगळे लॅपटॉपराव म्हणत. माणूस सज्जन, पण कुठे काय बोलावं याचा पोच बेताचा. तो डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "एवढं मोठं पडल्यावर पंचेचाळीस म्हणजे काही वाईट नाही."

"कुणाचे पंचेचाळीस?"

"तुमचे." त्याने घास गिळला. "सकाळपासून पंचेचाळीसच आहेत. एकदा चव्वेचाळीस."

आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. प्रत्येक फेरी तिथे ओळीने मांडलेली होती. एक्केचाळीस कुठेच नव्हते.

आधी तिला वाटलं, यंत्रच चुकलं असेल. मग तिला सकाळ आठवली: उंचवट्याच्या कितीतरी आधी मंदावणारा इंजिनचा आवाज, ओलांडून गेलेल्या त्या दोन गाड्या. ती काही बावळट नव्हती. तिच्या कानांना सगळं कळलं होतं, पण आकडा गोड होता म्हणून तिने कानांना गप्प बसवलं होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि ती उठली.

मामा गॅरेजच्या मागच्या बाजूला टायरांना गरम ठेवणाऱ्या रजया गुंडाळत होता.

"मामा, मी किती करतेय?"

"सांगितलं की." त्याने वर पाहिलं नाही. "एक्केचाळीस."

"लॅपटॉपराव पंचेचाळीस म्हणतायत."

मामाचे हात थांबले. त्याला तोंडावर खोटं बोलता येत नसे, कधीच आलं नव्हतं. भिंतीवरून, पाटी मध्ये धरून येतं, हे त्याला स्वतःलाही आजच कळलं असावं.

"चार सेकंद, मामा! इथे चार सेकंदांत माणूस चहा पिऊन येतो."

"हळू बोल."

"का? कुणाला कळेल म्हणून? मला सोडून सगळ्यांना माहीत आहे!"

मामा टायरांच्या ढिगावर बसला. "मला वाटलं, आकडा बरा दिसला की तू जिवावर उदार होऊन पळवणार नाहीस. संध्याकाळी मॅडम आकडे बघतील, नाही म्हणतील, विषय संपेल. घड्याळाने नाही म्हटलं असतं. मला म्हणायला लागलं नसतं."

"म्हणजे तू मला घरी पाठवणार होतास. केसाने गळा कापून."

"जिवंत पाठवणार होतो." त्याचा आवाज फाटला. "तुला काही आठवत नाही, मला सगळं आठवतं. तुझ्या आईला फोन मी केला होता. ताई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, तू होतास ना रे तिथे? बस, एवढंच. तो फोन मी पुन्हा करणार नाही. तू मला उभा चिरलास तरी नाही."

तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. मामाच्या कानाखाली देत नाहीत, म्हणून तिने टायरला लाथ मारली. त्याने खुबाच कळवळला. आणि त्या कळीबरोबर एक विचार तिच्या मनात आला, जो यायला नको होता.

"आणखी काय केलंस?"

"म्हणजे?"

"गाडीला. इंजिनचा जोर कमी केलास का? ब्रेक? कुठे काही सैल, कुठे काही घट्ट?"

मामाचा चेहरा पांढरा पडला. "वेडी झालीस का? गाडीला मी... तुझी शपथ. गाडी चोख आहे."

"सकाळी पाटीपण चोखच होती," ती म्हणाली.

 तिला ते बोलून बरं वाटलं नाही, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. घ्यायचे कसे? तिला खरंच माहीत नव्हतं. आजवर गाडीवर बसताना तिने कधी खाली वाकून काही तपासलं नव्हतं, कारण मामाने तपासलेलं असायचं. आता तिला चाकाच्या नटाकडे बघावंसं वाटत होतं, आणि बघूनही तिला काय कळणार होतं?

दुपारी मालकीण आली. "शेवटचं सत्र," ती म्हणाली. "मला चाळीसच्या आतली एक फेरी दाखव. एकच पुरे."

निघायच्या आधी ती मामाला म्हणाली, "पाटी खरी धर." त्याने मान हलवली. त्याच्याकडे न बघताच तिने हेल्मेटची काच खाली ओढली.

गॅरेजांसमोरच्या अरुंद रस्त्यावरच तिने ब्रेक दाबून पाहिला. घट्ट लागला. पुन्हा दाबला, पुन्हा घट्ट. ट्रॅकवर पोचेपर्यंत तिने तो इतक्या वेळा दाबला की मागचा रायडर हात हलवून शिव्या देत पुढे गेला. सकाळी तिला फक्त वळणाची भीती होती. आता ती ज्यावर बसली होती त्याचीही होती, आणि ते बांधणाऱ्या हातांचीही.

टायर गरम झाले. पट्टा आला. तिने छाती टाकीवर टेकवली आणि उजवी मूठ आवळली. उंचवटा जवळ आला, हात सुटू पाहू लागला, तिने सोडला नाही. ती घाबरली होती, इतकी की तिचं ओरडणं तिला हेल्मेटमध्ये मोठ्याने ऐकू आलं. पुढचं चाक हलकं झालं, हँडल फडफडलं, आणि तिने ब्रेक दाबला. ब्रेक लागला. गाडी वाकली, गुडघा जमिनीला घासला, आणि न्हावी मागे पडला. पुढची सगळी वळणं तिने कशी घेतली ते तिला कळलंच नाही.

फेरी पुरी करून ती पुन्हा एकदा फिरून आली तेव्हा भिंतीवर मामा पाटी धरून वाकला होता. एक एकोणचाळीस आठ.

एका क्षणापुरता तिला आनंद झाला. मग वाटलं, वा रे मामा. मालकिणीने चाळीस मागितले आणि पाटीवर बरोबर त्याच्या काठावरचा आकडा. म्हणजे मी खूश होईन आणि गपगुमान आत येईन. आत गेल्यावर लॅपटॉपवर असणार बेचाळीस, आणि रॉकेट खुर्ची पुढे करणार. रागाने तिचे दात आवळले गेले. त्याच पट्ट्यावर पुढे उंचवटा होता. तिने ब्रेक आणखी थोडा उशिरा दाबला.

पुढची पाटी: एकोणचाळीस एक. "सराईत झालास की!" ती ओरडली आणि ब्रेक आणखी उशिरा दाबला. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेल्याचं तिला बसल्या जागी कळलं. भीती गेली नव्हती, पण थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. खरा आकडा काय आहे, हे तिला सांगणारं अख्ख्या ट्रॅकवर कुणी नव्हतं. माहीतच नसेल तर कुठे थांबायचं?

त्याच्या पुढच्या पाटीवर अडतीस होते आणि खाली बाण: आत ये. मामा भिंतीवर चढला होता. एका हातात पाटी आणि दुसरा हात तो वेड्यासारखा हलवत होता. तिने ते सगळं पाहिलं आणि तिच्या मनात एवढंच आलं, की हा मला जमायच्या आधी आत ओढतोय. तिने मान खाली घातली.

त्या वेळी ब्रेक दाबायला खरोखरच उशीर झाला. दाबताक्षणी तिला ते कळलं, गेल्या वर्षीसारखंच, तसंच पुढचं चाक मेणावर गेल्यासारखं सरकलं. आता हाड मोडणार, असं तिच्या मनात आलं. दुसरं काही नाही. तिने ब्रेक किंचित सैल केला, कसा ते देव जाणे, आणि गाडी सरळ झाली, पण वळणाऐवजी बाहेरच्या खडीकडे निघाली. खडी पोटाखाली ताडताड वाजली. हँडलने हात हिसडले. ती पडणार, पडणार, आणि पडली नाही. खडीच्या काठाकाठाने गाडी पुन्हा डांबरावर आली. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

उरलेली फेरी तिने हळू पुरी केली. तरी आत वळायचा रस्ता आला तेव्हा ती वळली नाही. भिंतीपाशी या वेळी मामा नव्हता. पाटी मालकिणीच्या हातात होती. ती जाड बाई कमरेपर्यंत भिंतीवर ओणवी होऊन पाटी हलवत होती. आकडा नव्हता, नुसता बाण होता. तिने लगेच मूठ सोडली आणि पुढच्या फेरीला आत आली. त्या पाटीबद्दल तिला क्षणभरही शंका आली नाही.

"आंधळी आहेस का?" मालकीण गरजली. "पहिल्याच फेरीत झालं होतं! एकोणचाळीस आठ. जागा तुझी झाली होती. पुढच्या सगळ्या फेऱ्या कुणासाठी मारल्यास?"

लॅपटॉपरावाने न विचारताच लॅपटॉप वळवला. एकोणचाळीस आठ. एकोणचाळीस एक. अडतीस. पाटीवर होतं तेच, तसंच्या तसं. ती गाडीवरून उतरली आणि तिथेच जमिनीवर बसली. जे तिला हवं होतं ते आधीच पदरात पडलं होतं, आणि तरीही ती त्या खडीत जाऊन आली होती.

मामा गॅरेजच्या कोपऱ्यात उलट्या खोक्यावर बसला होता. त्याच्या पायाशी पाटीचे आकडे विखुरले होते. ते गोळा करायला त्याने हात पुढे केला होता आणि तो तसाच राहिला होता.

"खरे होते," तो म्हणाला. "सगळे."

"आत्ता कळलं."

"मी भिंतीवर चढलो. ओरडलो. तू बघितलंस माझ्याकडे, आणि मान खाली घातलीस."

"विश्वास बसला नाही, मामा."

"हो." त्याने खाली पडलेला एक आकडा उचलला. "ते माझ्यामुळेच."

ती उठून त्याच्या शेजारी गेली. हे आत्ता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. "गाडी तूच बघायचीस. पण पाटी उद्यापासून दुसरं कुणीतरी धरेल."

तिला वाटलं होतं, हा कोसळेल. तिने त्याचा हात धरायची तयारीही केली होती. पण मामाचे खांदे हळूहळू खाली आले आणि त्याने एक लांब श्वास सोडला.

"बरं होईल," तो म्हणाला. "तू त्या वळणामागे जातेस ना, तेव्हा दरवेळी वाटतं, आता नाही येत. तुझा आवाज पुन्हा कानावर येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही. तू पडलीस त्याच्या आधीपासूनचं आहे हे. पहिल्या शर्यतीपासून."

"मग सोडली का नाहीस पाटी?"

"दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती. आणि दुसऱ्या कुणाला तुझं काय पडलंय?"

मालकिणीने तेवढ्यात बाहेरून विचारलं, उद्या पाटी कोण धरणार. लॅपटॉपराव हात वर करून पुढे झाला. "मी धरतो की. ताई, शतांशापर्यंत दाखवीन, एक आकडा इकडचा तिकडे होणार नाही." तो अगदी मनापासून बोलत होता.

मामा उठला, पाना घेऊन गाडीपाशी बसला आणि चाकात अडकलेली खडी एकेक करून काढू लागला. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग बाहेर भिंतीकडे. उद्या तिथला आकडा खरा असेल. ती हळू गेली तर तो तसं सांगेल, आणि ती आणखी जोरात जाईल, आणि तो पुन्हा खरंच सांगेल. तिने जरा हळू जावं, असं वाटणारं आता त्या भिंतीवर कुणीच उभं राहणार नव्हतं. तिला भीती वाटली, सकाळच्यापेक्षा मोठी.

"उद्या ट्रॅक उघडायच्या आधी हजर हवीस," मालकीण म्हणाली. "येतेस ना?"

मामाचा पाना थांबला. तो मागे वळला नाही.

"येते," ती म्हणाली.